बारा सेकंद, एक काच आणि चार दोर

विमान कोणी शोधून काढले, असे शाळकरी पोराला विचारले तरी ‘राइट बंधूंनी’ हे उत्तर तयार असते. पण हे उत्तर जगाकडून वदवून घेण्यासाठी त्या भावांना जेवढे उडावे लागले, त्याहून अधिक जपावे लागले. उड्डाणाच्या कथा पुष्कळांनी लिहिल्या आहेत. मला आज सांगावयाची आहे ती जपणुकीची कथा.

तारीख १७ डिसेंबर १९०३. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर किटी हॉक गावाजवळची वाळू. थंडी एवढी की डबक्यांतले पाणी गोठलेले. अशा वेळी माणूस हात शेकत बसेल. पण उडण्याची पाळी होती त्या ऑर्व्हिलने विमानावर चढण्याआधी काय केले? तिकाटण्यावर आपला कॅमेरा चढवला, विमान ज्या लाकडी रुळावरून धावणार त्याच्या टोकाकडे रोखला आणि जवळच्या जीवरक्षक ठाण्यातल्या जॉन डॅनियल्सच्या हाती रबरी फुगा दिला. विमान रूळ सोडील त्या क्षणी फुगा दाबायचा, एवढेच काम!

विमान बारा सेकंद उडाले, १२० फूट गेले. डॅनियल्सने फुगा दाबला. त्या काचेवर जे उमटले ते आज जगाला ठाऊक आहे: हातभर अधांतरी तरंगणारे यंत्र, आणि शेजारी धावता धावता थबकलेला विल्बर. पाहणारे माणसे मोजून पाच. काच नसती, तर पाच माणसांच्या शब्दावर जगाने किती विश्वास ठेवला असता?

त्याच दिवशी चौथ्या खेपेस विल्बर ५९ सेकंद उडाला, ८५२ फूट गेला. मग विमान जमिनीवर उभे असताना वाऱ्याचा झोत आला आणि त्याने ते उलटेपालटे केले. ते विमान पुन्हा कधीच उडाले नाही. मोडके तुकडे खोक्यांत भरून डेटन गावी, घरी नेले. १९१३ साली डेटनला महापूर आला. खोकी पाण्याखाली, छायाचित्रांच्या काचाही पाण्याखाली! त्या एका काचेचा कोपरा गेला, पण विमान आणि विल्बर दोघेही शाबूत राहिले. दैव म्हणतात ते हेच.

मधल्या काळात चलच्चित्रही त्यांच्या मदतीला आले होते. एप्रिल १९०९ मध्ये रोमजवळ सेंतोचेल्ले येथे विल्बर विमान उडवीत असता एक छायाचित्रकार कॅमेरा घेऊन त्याच्याबरोबर बसला. उडत्या विमानातून घेतलेला पहिला चित्रपट तो हाच मानतात. त्या काळी राइटांच्या विमानाला सुटताना धक्का लागे. लाकडी मनोऱ्यात कप्पीवरून जड वजन वर चढवीत आणि सोडून देत. वजन खाली आले की त्याचा दोर विमानाला रुळावरून ओढून नेई. विहिरीवरची मोट पाहिलेल्या आपल्या माणसाला ही युक्ती समजावून सांगायला नको.

एवढे पुरावे असून भांडण झालेच. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेचे प्रमुख लँगली यांचे यंत्र १९०३ साली दोनदा पोटोमॅक नदीत कोसळले होते. १९१४ मध्ये त्यात पुष्कळ फेरफार करून ते पाण्यावरून थोडे उडवले गेले आणि ‘माणसाला घेऊन उडण्यास समर्थ असे हे पहिले यंत्र’ म्हणून संस्थेने ते मांडले. विल्बर १९१२ सालीच वारला होता. एकट्या पडलेल्या ऑर्व्हिलने १९२८ साली आपले विमान उचलले आणि लंडनच्या सायन्स म्युझियमकडे उसने पाठवून दिले. घरच्यांनी नाकारलेली मूर्ती परगावच्या देवळात बसावी, तसे! १९४२ साली स्मिथसोनियनने चूक छापून कबूल केली. विमान परतले ते १९४८ मध्ये. जानेवारीत ऑर्व्हिल वारला होता, आणि १७ डिसेंबरला त्याचे विमान वॉशिंग्टनच्या संग्रहालयात छतास टांगले गेले.

टांगणे म्हणजे काय सोपे काम? आकाशकंदील वर चढविताना दोर मधोमध नसला तर तो कसा कलंडतो, हे घरोघरी ठाऊक आहे. हा कंदील तर ४० फूट रुंद, सहाशे पौंड वजनाचा, लाकूड आणि कापडाचा. त्यातून त्याचा तोल मुळातच विषम: इंजिन मध्यरेषेच्या उजवीकडे, वैमानिक डावीकडे पालथा निजणार, आणि इंजिन माणसाहून जड म्हणून उजवा पंख सुमारे चार इंच लांब केलेला. अशा यंत्राला दोर कोठेही बांधून चालत नाही. कापडाला ताण लागला तर ते फाटेल, काडीला लागला तर ती मोडेल. भार पेलणाऱ्या सांध्यांवरच दोर हवा, आणि सगळे दोर सारख्या गतीने वर सरकायला हवेत. २००३ साली, शताब्दीला, ते विमान जमिनीवर उतरवून ठेवले. लोकांना जवळून पाहता यावे म्हणून.

हे मी का सांगतो? वर्गात दरसाल कोणी तरी विद्यार्थी विचारतो, “सर, पहिले विमान आपल्या तळपद्यांनीच उडवले ना? १८९५ साली, चौपाटीवर?” विचारणाऱ्याच्या डोळ्यांत अभिमान असतो, आणि तो मोडणे जिवावर येते. शिवकर बापूजी तळपदे हे खरे गृहस्थ होते, त्यांना विमानाचा ध्यास होता, हेही खरे. पण त्या उड्डाणाची काच कोठे आहे? यंत्राची एखादी फळी? त्या काळचा निर्विवाद कागद? यांतले काहीच कोणी पुढे ठेवू शकलेले नाही. म्हणून मी त्याला एवढेच सांगतो, “बाबा रे, ‘उडाले’ असे मी म्हणू शकत नाही. तू शोध, सापडले तर पहिला पेढा माझा.”

शोधावयाचे तर याच दिवसांत शोधावे. दिवाळीच्या झाडलोटीत माळ्यावरची ट्रंक खाली येते. आजोबांची पत्रे, पिवळे पडलेले फोटो, कोणा काकांची रोजनिशी रद्दीवाल्याच्या तराजूत पडते. वाचकहो, तराजूत टाकण्याआधी एकदा उलगडून पाहा, आणि फोटोच्या पाठीवर नाव व साल पेन्सिलीने लिहून ठेवा. राइटांच्या घरची काच पुरातून वाचली. आपल्या घरची रद्दीतून वाचली तरी पुष्कळ.