शिदोरी, ब्रिटिश शाळेच्या डब्यात

सप्टेंबर उजाडला, शाळा उघडल्या, की ब्रिटनमधल्या मराठी घरांत एकच प्रश्न फिरू लागतो : उद्या डब्यात काय? नुकत्याच इथे आलेल्या आईबाबांच्या हाती शाळा जी सूचनापत्रं देते, त्यांत काय द्यावं यापेक्षा काय देऊ नये हेच जास्त असतं. दाणे नकोत, चॉकलेट नको, गोळ्या नकोत, फसफसणारी पेयं नकोत. डबा गरम करून मिळत नाही. बहुतेक शाळांत डब्यांसाठी फ्रिजही नसतो. वर्गाबाहेरच्या ट्रॉलीवर सगळे डबे दुपारपर्यंत एकावर एक पडलेले असतात. मग पहिल्याच आठवड्यात घराची गाडी सँडविचवर येऊन अडते. सोमवारी चीज, मंगळवारी चीज-काकडी, बुधवारी जॅम. गुरुवारी डबा अर्धा परत येतो आणि आई हताश होते.

सँडविच वाईट नाही. अधूनमधून जरूर द्यावं. पण डबा म्हणजे सँडविचच, हे समीकरण का पक्कं झालं ते समजून घेतलं, की त्यातून सुटकेची वाटही दिसते.

ब्रिटनमध्ये शाळेत मुलांना जेवण देण्याचा पहिला कायदा 1906 मध्ये झाला. 1944 च्या शिक्षण कायद्याने ही जबाबदारी स्थानिक प्रशासनांवर टाकली आणि पुढची काही दशकं शाळेचं गरम जेवण हीच रीत होती. मार्गारेट थॅचर सरकारच्या 1980 च्या कायद्याने ती जबाबदारी बरीचशी काढून घेतली. मोफत जेवणाला पात्र असलेली मुलं सोडली, तर बाकीच्यांना जेवण देणं प्रशासनाच्या मर्जीवर आलं. जेवणाच्या पोषणाचे निकषही गेले. घरच्या डब्याचं प्रमाण वाढलं आणि त्या डब्यासाठी सर्वांत सोयीचा पदार्थ तयारच होता. हर्टफोर्डशायरमधल्या चॉर्लीवुड गावात 1961 मध्ये पाव झटपट बनवण्याची एक पद्धत शोधली गेली. पीठ तासन्‌तास फुगवत ठेवायची गरजच उरली नाही. मऊ, स्वस्त, कापलेला पाव घरोघरी पोचला. सकाळच्या घाईत दोन चकत्या आणि मध्ये काहीतरी, एवढ्यावर काम भागू लागलं.

आजचं चित्र पुन्हा बदलतं आहे. इंग्लंडमध्ये सप्टेंबर 2014 पासून सरकारी शाळांतल्या रिसेप्शन (पहिलीच्या आधीचा वर्ग), पहिली आणि दुसरीच्या सगळ्या मुलांना दुपारचं जेवण मोफत मिळतं. लंडनमध्ये सप्टेंबर 2023 पासून सरकारी प्राथमिक शाळेतल्या सगळ्याच मुलांना ते मिळू लागलं. वेल्सनेही सर्व प्राथमिक वर्गांना मोफत जेवण सुरू केलं आहे आणि स्कॉटलंडमध्ये पहिल्या पाच वर्गांना. म्हणून आधी हे तपासा की तुमच्या मुलाला डब्याची गरज रोज आहे का. आठवड्यातले दोन-तीन दिवस शाळेचं शाकाहारी जेवण आणि उरलेले दिवस डबा, अशी विभागणी अनेक शाळा चालवून घेतात. सगळ्यांबरोबर रांगेत उभं राहून गरम जेवण घेण्यातही मूल खूप काही शिकतं.

पण ज्या दिवशी डबा द्यायचा, त्या दिवशी तो चांगला असावा. इंग्लंडमधल्या शाळांच्या जेवणाला जानेवारी 2015 पासून कडक निकष आहेत : रोज भाजी किंवा सॅलड, रोज फळ, आणि तळलेलं आठवड्यातून जास्तीत जास्त दोनदा. घरच्या डब्याला हे निकष लागू नाहीत आणि फरक तिथेच पडतो. लीड्स विद्यापीठाच्या संशोधकांनी 2006 आणि 2016 मध्ये प्राथमिक शाळांतल्या मुलांचे डबे तपासले. सगळे निकष पूर्ण करणारे डबे पहिल्या वेळी 1.1 टक्के होते आणि दहा वर्षांनी 1.6 टक्के. भाजी किंवा सॅलड जेमतेम पाचातल्या एका डब्यात होतं.

या डब्यात खरी उणीव भाजीची असते, आणि मराठी स्वयंपाकघराची ताकद नेमकी तीच आहे.

गार खाण्यासाठीच केलेलं अन्न

ब्रिटिश शाळेचा डबा चार कसोट्या लावतो. पदार्थ गार झाल्यावरही चवीला चांगला लागला पाहिजे. तो हाताने किंवा एका काट्याने खाता आला पाहिजे. त्यातून रस गळता कामा नये. आणि थोड्या वेळात पोट भरलं पाहिजे, कारण मुलांचं अर्धं लक्ष मैदानाकडे असतं. या चारही कसोट्या आपल्याकडे शेतावर, यात्रेला, एसटीच्या लांबच्या प्रवासाला निघणाऱ्या माणसाने शेकडो वर्षं लावल्या आहेत. त्याच्यासोबत जी शिदोरी बांधली जायची, ती गारच खायची असायची. दशम्या, धपाटे, तिखट-मिठाच्या पुऱ्या, थालीपीठ, कोरडा झुणका हे सगळे पदार्थ त्यासाठीच घडले आहेत. आपण मात्र इथे येऊन घरच्या ताटातलं गरम जेवण डब्यात बसवू पाहतो आणि ते जमलं नाही की पावाकडे वळतो. ताटाऐवजी शिदोरी डोळ्यांपुढे ठेवली, तर डब्यातले बरेच प्रश्न सुटतात.

दशमीचंच पाहा. कणकेत चिमूटभर मीठ आणि चमचाभर तूप चोळायचं आणि पाण्याऐवजी कोमट दुधात ती भिजवायची. साध्या पोळीपेक्षा थोडी जाड लाटायची आणि तूप सोडून मंद आचेवर भाजायची. दूध आणि तुपामुळे ती दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. साधी पोळी दुपारपर्यंत चिवट होते. दुधात गूळ विरघळवून केली तर गुळाची दशमी होते आणि गोड पदार्थ वेगळा द्यावा लागत नाही. रविवारी संध्याकाळी केलेल्या दशम्या फ्रिजमध्ये ठेवून सोमवार-मंगळवार निघतात. आत कोरडी बटाट्याची भाजी, पनीरची भुर्जी किंवा मटकीची सुकी उसळ घालून गुंडाळी केली, की सँडविचचं सगळं काम ती करते. एकच काळजी घ्यायची : दशमी आणि भाजी दोन्ही पूर्ण गार झाल्यावरच गुंडाळायचं. गरम गुंडाळली तर वाफ आत कोंडते आणि जेवायच्या सुट्टीपर्यंत तिचा लगदा होतो.

थालीपीठाची भाजणी हा तर डब्याचा खजिनाच. ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद अशी धान्यं आणि डाळी धणे-जिऱ्यांसह एकत्र आल्या, की एकाच पदार्थात दोन्हींची प्रथिनं मिळतात. दुधी सापडला नाही तर इथलं कूर्जेट किसून पिठात मिसळा. त्याचं पाणी सुटतं, म्हणून वेगळं पाणी घालू नका. लहान तळहाताएवढी थालीपीठं लावली तर मुलं ती तुकडे न करता खातात. कोथिंबीर वडी तळण्याऐवजी वाफवून तव्यावर थोड्या तेलात परतली, तर तीही गार छान लागते. मुगाची धिरडी, घावन, आंबोळी, गाजर घातलेले आप्पे ही सगळी याच घराण्यातली.

इडलीची अडचण वेगळी आहे. ऑक्टोबर ते मार्च इथे पीठ फुगत नाही. ओव्हन न तापवता फक्त त्याचा दिवा लावून पीठ रात्रभर आत ठेवलं, किंवा गरम पाण्याची टाकी असलेल्या कपाटात ठेवलं, तर सकाळी ते वर येतं.

दाण्याच्या कुटाचा प्रश्न

मराठी डब्याची सर्वांत मोठी परीक्षा इथे होते. आपल्या साबुदाणा खिचडीत, कोशिंबिरीत, भरल्या वांग्यात, कोरड्या चटणीत सगळीकडे दाण्याचं कूट असतं. इथल्या बहुसंख्य प्राथमिक शाळांत शेंगदाणे आणि काजू-बदामांसारखा सुका मेवा आणायला बंदी आहे. ही बंदी कुणाच्या तरी मुलाच्या जिवाशी निगडित आहे. नताशा एडनन-लापरूज ही पंधरा वर्षांची मुलगी 2016 मध्ये पावातल्या तिळाच्या अॅलर्जीने गेली. वेष्टनावर तिळाचा उल्लेख नव्हता. तिच्या नावाने ओळखला जाणारा कायदा ऑक्टोबर 2021 पासून लागू झाला आणि दुकानात आधीच बांधून ठेवलेल्या पदार्थांवर घटकांची संपूर्ण यादी बंधनकारक झाली. ब्रिटनच्या कायद्यात अॅलर्जीच्या चौदा घटकांची जी यादी आहे, तीत शेंगदाणे आहेत, तीळ आहेत आणि मोहरीही आहे. म्हणजे आपली साधी फोडणीसुद्धा त्या यादीत येते.

घाबरून जायचं कारण नाही. मोहरीवर सरसकट बंदी असलेली शाळा विरळाच. वर्गात एखाद्या मुलाला मोहरीची किंवा तिळाची अॅलर्जी असेल, तर सहसा शाळाच कळवते. तरीही आपण विचारलेलं बरं. कुटाच्या जागी डाळं भाजून, भरड दळून वापरा. डाळं, सुकं खोबरं, लसूण आणि लाल तिखट यांची चटणी इडलीबरोबरही चालते आणि दशमीबरोबरही. खोबरं त्या चौदांत नाही, पण एखाद्या मुलाला त्याचीही अॅलर्जी असू शकते. बाजारातल्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं; तुमच्या मुलाला ग्लुटेन चालत नसेल तर पुडीवरची यादी वाचा. गूळपोळी आणि तिळाचे लाडू संक्रांतीला घरी खाऊ दे, शाळेत नकोत.

एक सवय मात्र आपल्याला सोडावी लागते. ‘दोन घास मैत्रिणीलाही दे,’ असं आपण सहज म्हणतो. अॅलर्जीमुळे इथल्या शाळा डबा वाटून खाऊ देत नाहीत. मुलाला हे आधीच, प्रेमाने समजावून सांगा. वाटून खाण्याचा आनंद मित्रांना घरी बोलावून, त्यांच्या आईबाबांना घटक सांगून देता येतो.

भात, फ्लास्क आणि मोड

रात्रीचा भात ओट्यावर झाकून ठेवायचा आणि सकाळी फोडणीचा करून डब्यात द्यायचा, ही सवय धोक्याची आहे. तांदळात असणाऱ्या एका जिवाणूचे बीजाणू शिजवल्यावरही जिवंत राहतात, आणि भात बाहेर राहिला की त्यांतून वाढणारे जिवाणू उलट्या-जुलाब करणारं विष तयार करतात. ते विष भात पुन्हा तापवूनही जात नाही. म्हणून इथली आरोग्य सेवा सांगते : उरलेला भात शक्यतो तासाभरात गार करून फ्रिजमध्ये ठेवा, एका दिवसात संपवा आणि एकदाच, वाफ येईपर्यंत तापवा. डब्यासाठी सर्वांत चांगलं म्हणजे सकाळी ताजा भात करून फ्लास्कमध्ये देणं.

रुंद तोंडाचा स्टीलचा फूड फ्लास्क ही थंडीच्या दिवसांतली सर्वांत उपयोगी खरेदी. त्यात उकळतं पाणी भरून झाकण लावा, पाच-दहा मिनिटं ठेवा, ओता, आणि लगेच कढत अन्न अगदी काठापर्यंत भरा. मोकळी जागा राहिली तर अन्न लवकर निवतं. मुगाची खिचडी, मसालेभात, वरणफळं यांना हा फ्लास्क मानवतो. दहीभात द्यायचा असेल तर तो गारच द्या आणि शेजारी बर्फाची पिशवी ठेवा. झाकण मुलाला स्वतःला उघडता येतं का, ते घरी आधी करून पाहा. रिसेप्शनमधल्या लहान बोटांना तेच अवघड जातं.

मोड आलेले मूग आणि मटकी कच्चे देऊ नका. वाफवून, लिंबू पिळून द्या. पाच वर्षांखालच्या मुलांना द्राक्षं उभी चार फोडी करून द्या, म्हणजे ती घशात अडकत नाहीत. मीठही मोजून वापरा : चार ते सहा वर्षांच्या मुलाने दिवसभरात मिळून 3 ग्रॅमपेक्षा जास्त मीठ खाऊ नये, असा इथला सल्ला आहे. लोणचं आणि पापड त्यात पटकन भर घालतात.

मुलाची बाजू

‘ई, हे काय आहे?’ असं शेजारच्या बाकावरून एकदा ऐकलं, की मूल घरी येऊन सँडविचच मागतं. त्याला भित्रं म्हणू नका आणि जबरदस्तीही करू नका. सुरुवातीला वास कमी असलेला पदार्थ द्या : लसणाऐवजी जिऱ्याची फोडणी, मेथीऐवजी गाजर. मुलाला त्या पदार्थाचं नाव आणि त्यात काय आहे हे इंग्रजीत एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. ‘इट्स अ स्पाइसी पॅनकेक’ एवढं ठामपणे म्हणता आलं, तरी बरंच काम होतं. आणि नवा पदार्थ आधी शनिवारी घरी, गार करून, त्याच डब्यात खायला द्या. आवडला तरच सोमवारी शाळेत पाठवा.

रोज नवं काही सुचावं लागू नये म्हणून आठवड्याची चौकट ठरवून टाका. सोमवारी दशमीची गुंडाळी, मंगळवारी थालीपीठ किंवा धिरडं, बुधवारी शाळेचं जेवण, गुरुवारी फ्लास्कमधला भात किंवा वरणफळं, शुक्रवारी इडली-आप्पे. प्रत्येक डब्यात काकडी, गाजर, मटार यांपैकी काहीतरी आणि इथल्या हंगामाचं एक फळ. चौकट तीच राहते, आतली भाजी बदलते, आणि विविधता आपोआप येते.

शेवटी एक विनंती इथल्या मराठी मंडळांना. लंडनचं महाराष्ट्र मंडळ 1932 पासून उभं आहे आणि गावोगावी मंडळं व मराठी शाळा चालू आहेत. दरवर्षी ऑगस्टमध्ये, शाळा उघडण्यापूर्वी, नव्या पालकांसाठी एक सकाळ डब्यासाठी द्या. भाजणीच्या पुड्या वाटा, दाण्याशिवायची चटणी करून दाखवा, फ्लास्क कसा भरायचा ते शिकवा. आणि पालकांनो, या आठवड्यात एवढंच करा : शाळेच्या कार्यालयाला विचारून तिथली अॅलर्जीची यादी मागवून घ्या, आणि पाचांतला एक डबा सँडविचऐवजी शिदोरीचा द्या.