टेस्ट पास झाली हे कळवतं कोण? जेयुनिटमधल्या निरोपांची गोष्ट

बँकेच्या अ‍ॅपचं नवं अपडेट मोबाईलवर येण्याआधी त्याच्या कोडची तपासणी होते. ५०० रुपये काढले तर शिल्लक ५०० नेच कमी होते का? शिल्लक नसेल तर व्यवहार थांबतो का? कोडच्या एकेका छोट्या भागाच्या अशा तपासणीला युनिट टेस्टिंग म्हणतात. या टेस्ट ओळीने चालवणारं सॉफ्टवेअर म्हणजे टेस्टिंग फ्रेमवर्क.

टेस्ट चालवणं झालं. पण निकाल कोणाला, कधी आणि कसा कळवायचा?

विमानात लिहिलेलं फ्रेमवर्क

जावा भाषेतल्या जेयुनिटचं उदाहरण घेऊ. केंट बेक आणि एरिक गामा यांनी १९९७ मध्ये झुरिकहून अटलांटाला जाताना विमानातच त्याची सुरुवात केली. गामा हे 'डिझाइन पॅटर्न्स' या १९९४ च्या गाजलेल्या पुस्तकाच्या चार लेखकांपैकी एक. त्या पुस्तकातला 'ऑब्झर्व्हर' पॅटर्न जेयुनिटमध्येही दिसतो.

ही पद्धत क्रिकेटसारखी आहे. चौकार गेला की अंपायर फक्त हात हलवून खूण करतो. धावफलक बदलणं, वहीत नोंद करणं, समालोचन करणं ही कामं इतरांची.

जेयुनिटही तसंच फक्त निरोप देतं. ते ऐकणाऱ्या कोडला 'लिसनर' म्हणतात. एक लिसनर स्क्रीनवर हिरवी-लाल पट्टी दाखवतो, दुसरा रिपोर्टची फाइल बनवतो, तिसरा वेळ मोजतो. उद्या चौथा आला तरी फ्रेमवर्कला हात लावावा लागत नाही.

निरोप कोणते?

२००६ मध्ये आलेल्या जेयुनिट ४ मधले मुख्य निरोप असे: सगळं सुरू झालं, ही टेस्ट सुरू झाली, ही फेल झाली, ही वगळली, ही संपली, सगळं संपलं.

यात 'पास झाली' असा निरोपच नाही! टेस्ट सुरू झाली, संपली आणि मध्ये फेल झाल्याचं कोणी बोललं नाही, म्हणजे ती पास असं लिसनरने समजायचं. हिशेब ठेवण्यात लिसनर चुकला, तर फेल झालेली टेस्टही हिरवी दिसू शकते. २०१७ मध्ये आलेल्या जेयुनिट ५ ने ही पद्धत बदलली. तिथे 'संपली' या निरोपासोबतच निकाल येतो: यशस्वी, फेल किंवा मध्येच सोडलेली.

'सुरू झाली' हे सांगायची गरज काय?

समजा, २१७ वी टेस्ट चालू असताना अख्खा प्रोग्रॅमच कोसळला. निकाल फक्त शेवटी कळवायचे असते, तर हाती काहीच लागलं नसतं. पण लिसनरने प्रत्येक निरोप लगेच फाइलमध्ये नोंदवला असेल, तर एक टेस्ट 'सुरू झाली' म्हणते आणि तिचं 'संपली' येतच नाही. शोध तिथूनच सुरू करायचा.

लिसनरच बिघडला तर?

रिपोर्ट लिहिताना डिस्क भरली म्हणून टेस्ट थांबू नयेत. जेयुनिट ४ अशा वेळी लिसनरची चूक पकडतं, ती बाकीच्या लिसनरना कळवतं आणि पुढे जातं.

एक अडचण मात्र उरते. लिसनरचं काम आटपेपर्यंत फ्रेमवर्क थांबतं. क्रिकेटमध्येही स्कोअररने खुणेला पोच दिल्याशिवाय अंपायर खेळ पुढे नेत नाही. त्यामुळे एखादा लिसनर प्रत्येक निरोपाला इंटरनेटवरून माहिती पाठवू लागला, तर सगळ्याच टेस्ट रेंगाळतात. उपाय सोपा आहे: लिसनरने निरोप लगेच टिपून घ्यावा आणि वेळखाऊ काम नंतर करावं.

हे सगळं पडद्यामागचं काम आहे. पण अपडेट सोडायचं की नाही, हे टीम त्या हिरव्या पट्टीकडे बघून ठरवते. पट्टीपर्यंत निरोप नीट पोचले नाहीत, तर शिल्लक चुकीची दाखवणारं अ‍ॅपही 'पास' म्हणून थेट तुमच्या मोबाईलवर येऊ शकतं.