चार मिलिमीटरचा गंधार

सूर आणि मोजमाप : लेखांक 7

गेल्या आठवड्यात आपण तंबोऱ्यातल्या स्वयंभू गंधारापाशी थांबलो होतो. गंधाराची तार तंबोऱ्यात नसते, तरी जवारी नीट लागलेली असेल तर खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतोच. षड्ज 240 कंपनांचा धरला, तर सप्तक जुळवून घेतल्यावर हा गंधार बरोबर 300 कंपनांचा येतो. आता दुसऱ्या वाटेने निघू. 240 चा शुद्ध पंचम 360. त्या पंचमाचा पंचम घ्यायचा आणि सप्तकात खाली आणायचा, की रिषभ 270. रिषभाचा पंचम धैवत 405. धैवताचा पंचम पुन्हा खाली आणला, की गंधार 303.75.

म्हणजे एकाच षड्जाचे दोन गंधार झाले आणि दोन्ही न्यायाने आलेले. पावणेचार कंपनांचा हा फरक कुणाच्या कानाच्या चुकीमुळे पडलेला नाही. तो आकड्यांतच आहे. गळा आणि सारंगी दोघांनाही तो भेडसावत नाही, कारण त्यांना जागा कायमची ठरवावीच लागत नाही. ज्या वाद्याचे सूर आधी ठोकून बसवावे लागतात, त्याला मात्र निवड करावी लागते.

आमच्याकडची निवड पेटीने केली आहे. किन्हीराजा हे मालेगाव तालुक्यातलं गाव (नाशिकचं नव्हे, वाशिमचं मालेगाव). अशा गावात सप्ताह बसला की पेटी एकच असते आणि गाणारे पुष्कळ. एक बुवा काळी दोनमध्ये गातात, त्यांच्यानंतर उठणाऱ्याला पांढरी चार लागते. पेटीवाल्याने हूं की चूं न करता पट्टी बदलायची. हे जमतं, कारण पेटी टेम्पर्ड असते : सप्तकाचे बारा सारखे भाग, कुठूनही षड्ज धरा, अंतरं तीच. त्याची किंमत गंधार मोजतो. टेम्पर्ड गंधार 302.4 च्या आसपास येतो, तंबोऱ्यातल्या गंधारापेक्षा चढा.

गंधार गोड हवा असेल तर पेटीची पत्ती घासावी लागते. पत्तीच्या टोकाकडे घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो. एकल वादन करणारे अशी ‘गंधार ट्यूनिंग’ची पेटी करून घेतात. पण मग ती एका षड्जाला बांधली जाते. वरच्या हिशोबात शुद्ध धैवत 400 चा धरून पेटी जुळवली आणि उद्या कुणी रिषभालाच षड्ज मानून गाऊ लागला, तर त्याला पंचम हवा 405 चा आणि पेटीत आहे 400 चा. रिषभ-धैवत जोडीने दाबून पाहा, सूर अक्षरशः थरथरतो. भजनी मंडळाला अशी पेटी देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पेटीला बेसूर म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी एक रात्र सप्ताहात पेटी धरून बसावं.

पेटीची पत्ती एकदा घासली की झालं. पडद्याच्या वाद्यात मात्र दोऱ्याने बांधलेला पडदा असेल तर निवड वाजवणाऱ्याच्या हाती राहते. युरोपात सोळाव्या-सतराव्या शतकात ल्यूट हे वाद्य घरोघरी होतं. नासपतीसारखं फुगीर पोट, छोटी दांडी आणि त्या दांडीवर आतड्याच्या तातीचे पडदे गाठ मारून बांधलेले. ते सरकवता येत. त्यामुळे पडदे कुठे बांधावेत यावर तिथे भरपूर शाई खर्च झाली. गॅलिलिओचे वडील व्हिन्चेन्झो गॅलिली हे ल्यूटवादक. त्यांनी 1581 च्या आपल्या ग्रंथात सोपा नियम दिला : उरलेल्या तारेचे अठरा भाग करा, एक सोडा, तिथे पडदा बांधा, मग पुन्हा उरलेल्याचे अठरा भाग. हे जवळजवळ टेम्पर्डच. साठ सेंटिमीटरच्या तारेवर बारावा पडदा घोडीपासून 30 सेंटिमीटरवर यायला हवा, या नियमाने तो 30.2 वर येतो. पण बोटाने तार दाबली की ताण वाढून सूर थोडा चढतो आणि ती उणीव बरीचशी भरून निघते.

सगळ्यांना हे पटलं नाही. जॉन डाऊलंड हा त्या काळचा नामांकित वादक. 1610 मध्ये छापलेल्या पुस्तकात त्याने पडद्यांची जी मापं दिली, ती एकसारखी नाहीत. काही घरं रुंद, काही अरुंद. त्या काळी ऑर्गनसारख्या वाद्यांत पंचम किंचित उतरवून गंधार गोड ठेवण्याची रीत होती आणि ल्यूटला त्यांच्या जोडीने वाजायचं असे.

इथे ल्यूटची खरी अडचण सुरू होते. पडदा सहाही जोडतारांखालून आडवा जातो. त्याच पडद्यावर एका तारेला तीव्र स्वर हवा असतो आणि शेजारच्या तारेला कोमल. असमान सप्तकात या दोन्हींच्या जागा वेगवेगळ्या. एकीसाठी पडदा मागे घेतला की दुसरी बिघडते. ल्यूटवर एका वेळी तीन-चार तारा वाजतात, त्यामुळे बिघाड लपतही नाही. काही वादक एकाच तारेखाली बसेल असा पडद्याचा चिमुकला तुकडा जादा चिकटवत. व्हिन्चेन्झोंना हे तुकडे मुळीच आवडत नसत. समान पडद्यांचा आग्रह धरणाऱ्या माणसाकडून दुसरं काय अपेक्षित असणार!

सतार या कोंडीत सापडतच नाही. मिरजेत एकोणिसाव्या शतकात शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांमधून फरीदसाहेबांसारखे कारागीर तंतुवाद्यांकडे वळले. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. ही सतार हातात घ्या. पडदे एकोणीस-वीस, पितळी किंवा जर्मन सिल्व्हरचे, कमानीसारखे वाकवलेले. कमानीखालून तरफांच्या तारा जातात. प्रत्येक पडदा दांडीमागून नायलॉनच्या किंवा रेशमी दोऱ्याने आवळलेला. तारा सात असल्या तरी राग बहुतांशी एका बाजाच्या तारेवर उलगडतो, त्यामुळे पडद्याला एकाच तारेचं ऐकावं लागतं. रुंद-अरुंद घरांचा तोटा कुणाला सोसावा लागत नाही.

आता माप काढू. बाजाची तार 90 सेंटिमीटर आणि ती मंद्र मध्यमाला लावलेली. आपल्या हिशोबात हा मध्यम 160 कंपनांचा. 300 चा गंधार हवा तर घोडीपासून 48 सेंटिमीटर. टेम्पर्ड गंधार हवा तर 47.6. आणि पंचमांच्या साखळीतून आलेला 303.75 चा गंधार 47.4 वर. पहिल्या दोघांत जवळपास चार मिलिमीटर, टोकाच्या दोघांत सहा. पडदा स्वतःच काही मिलिमीटर जाड असतो, पण कानाला चार मिलिमीटर पुष्कळ झाले. कागदावरचं माप जागा दाखवण्यापुरतं. दाबाने सूर चढतो, म्हणून शेवटचा निवाडा तंबोरा लावूनच करायचा.

पडदा सरकवताना दोन्ही टोकांना अंगठे लावून समान रेटतात, नाहीतर तो तिरपा होतो आणि एका बाजूला तार खरखरते. शंका असेल तर पडदा चढा ठेवण्यापेक्षा किंचित उतरता ठेवणं शहाणपणाचं. तार आडवी ओढली की सूर फक्त चढतो. उतरत्या पडद्याला मिंडेने वर नेता येतं, चढ्या पडद्याला खाली आणायला इलाज नाही. आणि पडदा हलवला की त्या स्वराची तरफही पुन्हा जुळवायची, नाहीतर ती मुकी राहते.

जुन्या मंडळींत ‘चल ठाट’ आणि ‘अचल ठाट’ अशी भाषा होती. अचल ठाटात सगळ्या स्वरांना आपापला पडदा. चल ठाटात पडदे कमी आणि राग बदलला की ते सरकवायचे. आजच्या सतारीतही मधल्या सप्तकात कोमल रिषभ आणि कोमल धैवताला बहुधा वेगळा पडदा नसतो. भैरव वाजवायचा तर शुद्ध रिषभाचा पडदा खाली आणावा लागतो. दरबारीचा गंधार तर पडद्यावर शोधूच नये. तो रिषभाच्या पडद्यावरून तार ओढून, आंदोलित करून घेतात.

पेटीलाही असं स्वातंत्र्य देता येईल का, हा प्रश्न आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीच विचारला गेला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी तारेची लांबी मोजून बावीस श्रुतींचे आकडे मांडले आणि 1910 मध्ये ते पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. सूर तपासायला अब्दुल करीम खाँसाहेबांसारखा कान होता. न्यायखात्यातले अधिकारी ई. क्लेमंट्स त्यांना येऊन मिळाले, श्रुतींची पेटी तयार झाली आणि 1916 च्या बडोद्यातल्या संगीत परिषदेत ती मांडली गेली. तिच्यावर मोठा वाद झाला आणि पेटी प्रचारात आली नाही. मला त्यात नवल वाटत नाही. श्रुती मोजता येते हे देवलांनी दाखवलं. पण एकाच रागात चढताना आणि उतरताना स्वराची जागा हलते, ती ठोकळ्यात कशी पकडणार? अलीकडे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी केली आहे. तिच्यात स्वराच्या दोन जागांपैकी हवी ती नॉब ओढून निवडता येते. सतारीच्या सरकत्या पडद्याची ही पेटीतली आवृत्तीच म्हणायची, फक्त जागा दोनच.

पुढच्या लेखात सरस्वती वीणा. तिचे पडदे दोऱ्याने बांधत नाहीत, मेणात बसवतात. ते सरकवायचे तर मेण पुन्हा पातळ करावं लागतं.