‘पाइन’ : एक वृक्षनाम आणि त्याचे संगोपन

भाईंदर पूर्वेकडील जेसल पार्क ही खाडीकाठची वस्ती. समोर तिवरांची राई, हवा दमट, जमीन खारट. मुंबई परिसरातील रोपवाटिकांतून ‘पाइन’ या नावाने विकले जाणारे रोप येथील सज्जात आणून ठेवले, तर ते जगेल काय? या प्रश्नाचे उत्तर काही अंशी शब्दार्थाच्या विचारात दडलेले आहे.

सूचिपर्णी वृक्ष कोकणपट्टीचे नव्हेत. म्हणूनच मराठीत त्यांची नावे बाहेरून आली आणि येताना त्यांचे अर्थ पालटले. संस्कृतातील ‘सरल’ म्हणजे हिमालयातील चीड. मराठीत मात्र ‘सरळ’ हे विशेषणच तेवढे रूढ आहे. ‘देवदार’ हा शब्द खोक्यांच्या हलक्या लाकडाशी जोडला गेला. फारसीतील ‘सर्व’ हा वस्तुतः सायप्रस वृक्ष. त्यावरून आलेले ‘सुरू’ हे नाव किनाऱ्यावरील कॅज्युअरिनाला चिकटले. कॅज्युअरिना हा सूचिपर्णी नव्हे, तर सपुष्प वृक्ष होय. त्याच्या ‘सुया’ म्हणजे सांधेदार कोवळ्या डहाळ्या असून खरी पाने सांध्यांवरील सूक्ष्म खवल्यांच्या रूपात असतात.

खऱ्या पाइनची, म्हणजे ‘पायनस’ प्रजातीची, प्रकृती निराळी आहे. तिच्यातील स्कॉट्स पाइनसारख्या जाती उणे ४० अंशांची थंडीही सोसतात. परंतु ही सहनशक्ती दिवस लहान होऊन गारठा वाढू लागला म्हणजे क्रमाक्रमाने येते, आणि त्यानंतरची हिवाळी विश्रांती त्यांना आवश्यक असते. मुंबई परिसरात तापमान १० अंशांखाली क्वचितच उतरते. त्यामुळे ही विश्रांती मिळत नाही. उष्ण रात्री श्वसनात साठा खर्च होतो आणि पावसाळ्यात साचलेल्या पाण्याने मुळे कुजतात. थंड प्रदेशात मात्र भरपूर ऊन, निचऱ्याची किंचित आम्ल जमीन आणि मुळांशी सहजीवन करणारी कवके एवढ्यावर हे झाड वाढते. छाटणी नव्या कोंबांपुरतीच करावी. जुन्या निष्पर्ण लाकडावर बहुधा पुन्हा फूट येत नाही.

‘ख्रिसमस ट्री’ म्हणून येथे विकले जाणारे रोप बहुधा ॲरोकेरियाचे असते. ते सूचिपर्णी खरे; पण पाइनच्या कुळातील नव्हे. नॉरफोक बेट व न्यू कॅलिडोनिया येथील सागरी हवेत वाढलेले हे वृक्ष जेसल पार्कच्या हवेशी अधिक जुळतात. कुंडीला तळाशी भोके असावीत, माती वाळूमिश्रित असावी, उजेड भरपूर मिळावा आणि वरची माती सुकल्यावरच पाणी द्यावे. शेंडा छाटू नये, कारण त्याने झाडाची मनोऱ्यासारखी ठेवण बिघडते. खालची गळालेली फांदीही पुन्हा येत नाही.

खाडीलगतच्या मोकळ्या जमिनीत लावायचे असल्यास सुरू अधिक योग्य. तो खारे वारे सोसतो आणि त्याच्या मुळांवरील गाठींतील फ्रँकिया हे सूक्ष्मजंतू हवेतील नत्र स्थिर करतात. तिवरे तोडून मात्र तो लावू नये.

सारांश, तीन भिन्न कुळांतील वृक्षांना एकच नाव दिल्याने केवळ कोशातील नोंदच चुकते असे नाही, रोपही मरते. नाव निश्चित करणे ही संगोपनाची पहिली पायरी होय.