तणनाशकाची फवारणी आणि तक्रार

उसातल्या, मक्यातल्या रुंद पानांच्या तणांवर महाराष्ट्रात टू-फोर-डी हे तणनाशक सर्रास फवारले जाते. गवतवर्गीय पिके ते सोसतात; कापूस, द्राक्ष आणि टोमॅटो यांना मात्र त्याचा अंशही बाधतो. शेजारच्या उसात फवारणी झाली, की काही दिवसांत कपाशीची शेंड्याची पाने अरुंद होतात, शिरा जवळ येतात आणि पान भेंडीच्या पानासारखे दिसू लागते. हा रोग समजून त्यावर बुरशीनाशक मारले जाते, आणि तो खर्च पाण्यात जातो.

हे नुकसान टाळता येण्यासारखे असते. टू-फोर-डीचा एस्टर प्रकार उन्हात वाफ होऊन दूर जातो. अमाइन किंवा सोडियम क्षार त्या मानाने बरे. कीटकनाशकाचे बारीक तुषार पाडणारे नोझल इथे चालत नाही. फ्लॅट फॅन किंवा फ्लड जेट नोझल, कमी दाब, वर हुड आणि वारा पडलेली वेळ, एवढे सांभाळले तरी शेजाऱ्याचे पीक वाचते. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवावा. नुसत्या पाण्याने विसळलेल्या पंपातला अवशेषही कपाशीला पुरतो. पाणी स्वच्छ हवे, कारण गढूळ पाण्यातल्या मातीला चिकटून ग्लायफोसेट आणि पॅराक्वाट निकामी होतात. मग तण मेले नाही म्हणून मात्रा वाढवली जाते, हा खरा घातक प्रकार.

लेबलवर नसलेल्या पिकात तणनाशक वापरणे हाही गैरवापरच. ग्लायफोसेटला भारतात चहाचे मळे आणि बिनपिकाची जागा यांसाठी नोंदणी आहे. ऑक्टोबर २०२२च्या केंद्रीय अधिसूचनेने ते केवळ कीड नियंत्रण व्यावसायिकांमार्फतच वापरण्याचे बंधन घातले. तरीही तणनाशक सोसणाऱ्या, मान्यता नसलेल्या कपाशीवर ते फवारले जाते. पॅराक्वाटचा तर घोटभरही जीवघेणा ठरतो आणि त्यावर उतारा नाही. ते पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत काढून ठेवणे अक्षम्य आहे. विषबाधेचा संशय येताच रुग्णासोबत मूळ डबाही दवाखान्यात न्यावा: पॅराक्वाटमध्ये गरज नसताना दिलेला ऑक्सिजन फुप्फुसांची हानी वाढवतो, म्हणून डॉक्टरांना औषधाचे नाव कळणे महत्त्वाचे.

तणनाशकेही कीटकनाशक कायदा, १९६८ याखालीच येतात. बनावट माल, बिलाशिवाय विक्री किंवा मुदत संपलेला डबा दिसल्यास तालुका कृषी अधिकारी किंवा पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करून पोच घ्यावी. कीटकनाशक निरीक्षक विक्रेत्याकडून नमुना घेतो, त्याचे तीन भाग होतात. एक विक्रेत्याला, एक विश्लेषकाकडे आणि तिसरा न्यायालयासाठी. शेतकऱ्याच्या बाजूने पुरावा म्हणजे पक्के बिल, बॅच क्रमांक दिसणारा डबा आणि तारखेसह फोटो. बाधित पीक पंचनाम्याआधी उपटू नये, कारण नवी पालवी नीट आली की लक्षणे पुसट होतात. फवारणीची तारीख, वाऱ्याची दिशा आणि कोणत्या बांधाकडून नुकसान सुरू झाले हेही पंचनाम्यात यावे. बांधालगत जास्त आणि आत जाताना कमी होत गेलेली इजा बाहेरून आलेल्या फवाऱ्याकडे बोट दाखवते. सदोष मालाची भरपाई जिल्हा ग्राहक आयोगाकडे मागता येते. पहिली विचारणा किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या विनाशुल्क क्रमांकावर मराठीतूनही करता येते.