उंदरांमधील गंधभेदन

उंदरांमधील गंधभेदन म्हणजे दोन किंवा अधिक गंधांमधील फरक ओळखण्याची उंदराची क्षमता. गंधाविषयीची माहिती मेंदूत कशी हाताळली जाते, हे जाणून घेण्यासाठी वर्तनीय चेताविज्ञानात तिचा अभ्यास केला जातो. काय जाणवले हे उंदराला विचारता येत नाही. म्हणून त्याच्या वर्तनावरून आणि त्यासाठी लागलेल्या वेळेवरून निष्कर्ष काढावे लागतात.

घ्राणसंस्थेची रचना

उंदरात गंधग्राही प्रथिनांची सुमारे १,००० कार्यक्षम जनुके असतात. माणसात ती सुमारे ४०० आहेत. या जनुककुलाचा शोध लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी इ.स. १९९१ मध्ये प्रसिद्ध केला. घ्राणसंस्थेवरील संशोधनासाठी त्यांना इ.स. २००४ चे वैद्यकशास्त्रातील नोबेल पारितोषिक मिळाले.

नाकातील प्रत्येक संवेदी चेतापेशीत साधारणतः एकाच प्रकारचे ग्राही प्रथिन असते. समान ग्राही असलेल्या पेशींचे तंतू मेंदूच्या पुढील भागातील घ्राणकंदात ठरावीक गोलाकार पुंजक्यांपाशी एकत्र येतात. एका गंधामुळे असे अनेक पुंजके उद्दीपित होतात व त्या गंधाचा विशिष्ट आकृतिबंध तयार होतो. दोन गंध जितके सारखे, तितके त्यांचे आकृतिबंध एकमेकांत मिसळलेले असतात.

प्रयोगपद्धती

सर्वांत सोप्या चाचणीत प्रशिक्षण लागत नाही. एकच गंध वारंवार दिल्यास उंदीर तो हुंगणे कमी करतो. नवा गंध देताच तो पुन्हा अधिक हुंगू लागला, तर त्याने फरक ओळखला असे मानतात. मात्र उंदराने कुतूहल दाखवले नाही, म्हणून त्याला फरक कळलाच नाही असे म्हणता येत नाही.

अधिक नेमक्या पद्धतीत तहानलेल्या उंदराला एका गंधानंतर नळी चाटल्यास पाणी मिळते, दुसऱ्या गंधानंतर मिळत नाही. दोन्ही गंध सारख्याच वेळा दिले जात असल्याने केवळ अंदाजाने सुमारे ५० टक्के उत्तरे बरोबर येतात. झडपेच्या आवाजावरून किंवा बाटलीच्या वासावरून उंदीर उत्तर शोधत नाही ना, हेही तपासावे लागते.

वेग आणि अचूकता

नाओशिगे उचिदा आणि झॅकरी मेनन यांच्या इ.स. २००३ मधील प्रयोगात रॅट या मोठ्या उंदरांना गंध ओळखण्यास एकदा हुंगणे पुरेसे ठरले आणि कठीण मिश्रणांसाठीही फारसा जास्त वेळ लागला नाही. इ.स. २००४ मध्ये निक्सन अब्राहम व सहकाऱ्यांना लहान उंदरांत वेगळे चित्र दिसले. साधे गंध उंदरांनी २०० मिलिसेकंदांहून कमी वेळात ओळखले. अतिशय सारख्या मिश्रणांसाठी त्यांना ७० ते १०० मिलिसेकंद अधिक लागले, पण अचूकता तेवढीच राहिली. म्हणजेच अचूकतेची किंमत वेळेच्या रूपाने मोजावी लागली. केवळ बरोबर उत्तरे मोजली असती, तर हा फरक दिसलाच नसता.

हा जादा वेळ कशासाठी लागतो, याचा एक धागा इ.स. २०१० मध्ये मिळाला. घ्राणकंदातील कणिका पेशी शेजारच्या पेशींची क्रिया रोखतात. जनुकीय बदलाने हे निरोधन वाढवल्यावर सारखी मिश्रणे लवकर ओळखली गेली. घटवल्यावर उशीर झाला. एकमेकांत मिसळलेले आकृतिबंध वेगळे करण्यात निरोधनाचा वाटा आहे, असे यावरून दिसते.

महत्त्व

पार्किन्सन व अल्झायमर या विकारांत गंधज्ञान अनेकदा लवकर मंदावते. त्यामुळे या अभ्यासाला वैद्यकीय महत्त्वही आहे. पुण्यातील भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत (आयसर) अब्राहम यांच्या प्रयोगशाळेत या विषयावर संशोधन चालते.