वंगणाचा थर किती जाड हवा?

शिवणयंत्र कुरकुरलं की आपण दोन थेंब तेल घालतो आणि विषय संपतो. अचूक यंत्रांमध्ये मात्र खरा प्रश्न वेगळा असतो: तेलाचा थर किती जाड? ट्रायबॉलॉजीत, म्हणजे घर्षण, झीज आणि वंगण यांच्या अभ्यासात, संशोधन करणार असाल तर सुरुवात इथूनच करा.

कितीही चकचकीत धातू घ्या, सूक्ष्म पातळीवर त्यावर उंचवटे असतातच. म्हणून थराची जाडी नुसती सांगून उपयोग नाही. ती दोन्ही पृष्ठभागांच्या एकत्रित खडबडीतपणाशी ताडून बघायची. या गुणोत्तराला लॅम्डा म्हणतात. समजा दोन्ही पृष्ठभागांचा आरएमएस खडबडीतपणा ०.१ मायक्रोमीटर आहे. वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं की एकत्रित आकडा साधारण ०.१४ येतो. थर ०.५ मायक्रोमीटर असेल तर लॅम्डा सुमारे ३.५, म्हणजे पृष्ठभाग जवळजवळ वेगळेच राहतात. थर ०.१ वर आला तर लॅम्डा ०.७. आता उंचवटे एकमेकांना घासतात आणि भार पृष्ठभागाला चिकटलेल्या रेणूंच्या थरावर येतो. हे सीमा-वंगण.

मग थर जाडच का ठेवू नये? हार्ड डिस्क बघा. तिच्या तबकडीवर कार्बनचं कठीण आवरण असतं आणि त्यावर परफ्लुओरोपॉलिइथर या वंगणाचा जेमतेम एक-दोन नॅनोमीटरचा थर. त्यातले काही रेणू आवरणाला घट्ट धरून राहतात. उरलेले सरकून उघडी पडलेली जागा पुन्हा झाकतात. थर फार पातळ झाला तर आवरण झिजतं. फार जाड झाला तर हेड स्पर्शाच्या वेळी त्यात चिकटतं, ओल्या काचेवर काच चिकटते तसं. म्हणजे जास्त वंगणही नुकसान करतं.

आणखी एक गल्लत टाळा: घर्षण कमी म्हणजे झीज कमी, असं नाही. टेफ्लॉनचं घर्षण अगदी कमी, पण भराव न घातलेलं शुद्ध टेफ्लॉन भराभर झिजतं. त्यामुळे दोन्ही गोष्टी स्वतंत्रपणे मोजायच्या.

एखाद्या पेपरमध्ये ‘घर्षण निम्म्यावर आलं’ असं वाचलंत, तर लगेच चार गोष्टी शोधा: भार, वेग, तापमान आणि दोन्ही पृष्ठभागांचा खडबडीतपणा. यातली एक जरी नसली, तरी तो आकडा दुसऱ्या यंत्राला लावता येत नाही. तुमच्या पहिल्या प्रयोगाच्या वहीतही हे चार रकाने आधी आखा, वंगणाचं नाव नंतर लिहा.